चारशे गुरांचं शेण

१

चारशे गुरं या आवारात अख्खा हिवाळा उभी होती म्हणे, आणि मागे शेणाचा एक पो नाही.

यशोधरा गजभियेने आधी बुटाच्या टाचेने गवत उकरून पाहिलं. मग गाडीतून लोखंडी कांब आणून चार-दोन ठिकाणी खुपसून पाहिली. वर आली ती साधी, तपकिरी, सभ्य माती. गुरं बांधलेल्या जागेची माती अशी नसते हो. वरचं सगळं खरवडून नेलं, वर्षं लोटली, तरी खाली काळा चिकट थर राहतो आणि त्याचा वास जात नाही. नागपूरच्या व्हेटर्नरी कॉलेजात आणि नंतर कॅनडात अल्बर्टाच्या सरकारी नोकरीत तिने जन्म काढला होता तो त्याच वासात. इथे वास होता जंगली गुलाबाचा. कुंपणाच्या आत त्याची झुडपं छातीपर्यंत वाढली होती आणि त्यांची खोडं अंगठ्याएवढी जाड होती. चारशे गुरांनी ती पहिल्या आठवड्यात तुडवून टाकली असती.

"क्लीन करून घेतलं गं सगळं," मागून डॉ. नंदन दिघे म्हणाले. "लोडर लावून."

डॉक्टरांचं वय ऐंशीला टेकलेलं. बावन्न-त्रेपन्न वर्षांपूर्वी एडमंटनला आले, हृदयाचे डॉक्टर म्हणून नाव कमावलं, महाराष्ट्र मंडळाचे आधारस्तंभ झाले आणि रिटायर झाल्यावर दीड तासावरच्या टॅमरॅक काउंटीत हा गुरांचा रॅन्च घेतला. डोक्यावर काउबॉयची हॅट, पट्ट्याला चांदीचं बक्कल. गाईचं दूध कुठून येतं एवढं त्यांना माहीत असावं, त्यापलीकडे यशोधराला खात्री नव्हती.

"आणि झुडपं परत लावून घेतली का, काका?"

डॉक्टर हसले. "शार्प आहेस. गजभिये म्हणजे... विदर्भ, नाही का?" असं म्हणून ते थोडं थांबले. ते थांबणं यशोधराच्या ओळखीचं होतं. पन्नास वर्षं बर्फात राहूनही माणसं ते सोबत घेऊन फिरतात. तिला किळस आली, आणि आली ते तिने लपवलंही नाही.

प्रकरण साधं होतं. कोविडच्या पहिल्या हिवाळ्यात मांसाचे कारखाने अर्धेमुर्धे बंद पडले, विकायला काढलेली गुरं रॅन्चवरच अडकली. तेवढे दिवस त्यांच्या चाऱ्याचा खर्च सरकारने उचलला. ज्यांची गुरं खरंच अडकली होती ते बिचारे त्यावर तगले. दिघे डॉक्टरांनी चारशे गुरं दाखवली आणि घसघशीत रक्कम घेतली. आता चार वर्षांनी तपासणी निघाली होती.

"हे बघ," डॉक्टर हॅट सारखी करत म्हणाले, "तुमच्या त्या कपिलनेच मोजली ना गुरं? तीनदा. व्हिडिओवर. रेकॉर्डिंग आहे. आम्ही तर त्या मुलाला आयुष्यात प्रत्यक्ष भेटलेलो नाही. त्याने काय घोळ घातला असेल तर त्याला विचारा."

तुमच्या. पुन्हा तेच. यशोधरा गाडीकडे वळली, तर फोन वाजला. तिचा साहेब होता. तिला मुळात फक्त जनावरांचं बघायला पाठवलं होतं, कारण ती गुरं मोजणारा कपिल मेश्राम तिच्या ओळखीचा होता आणि तिने ते आधीच सांगून टाकलं होतं.

"तक्रारीच्या लाइनवर एक निनावी फोन आलाय," साहेब म्हणाला. "कपिल मेश्राम आजारी पडला होता, तेव्हापासून रॅन्चवाल्यांचं खातोय. घरपोच पोचतं त्याला. शुक्रवारी काउंटीच्या समितीपुढे त्याची सुनावणी आहे. मला वाटतं तुमचा माणूस गेला."

२

कपिल मेश्राम भंडाऱ्याचा. अकोल्याला शेतकी शिकला, मग एडमंटनला पुढचं शिक्षण आणि टॅमरॅक काउंटीत शेतकी अधिकाऱ्याची नोकरी. एडमंटनच्या आंबेडकर जयंतीला खुर्च्या लावण्यापासून पातेली घासण्यापर्यंत सगळ्यात पुढे. कोणी काही दिलं की चारदा थँक्यू म्हणणारा, इतका की यशोधराला कधीकधी त्याचा राग यायचा. आता त्याला सस्पेंड केलं होतं. शुक्रवारी निकाल विरुद्ध गेला तर नोकरी जाणार होती आणि कागद पोलिसांकडे जाणार होते. मग कॅनडात काय आणि भंडाऱ्यात काय, चोर म्हणूनच ओळखला गेला असता.

तो काउंटीतल्याच गावात एका घराच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहत होता. त्याने चहा केला. फळीवर झाकणाचे पांढरे प्लास्टिकचे डबे स्वच्छ धुऊन एकावर एक रचून ठेवले होते, त्यातल्या एकातून त्याने चिवडा काढला.

"हॉटेल उघडून राहिला का बे?" यशोधराने डब्यांकडे बघत विचारलं.

"पॅन्डेमिकमधले आहेत, ताई. परत द्यायचे राहून गेले." तो पटकन म्हणाला आणि लॅपटॉप उघडून बसला.

मोजणीची पद्धत त्यानेच समजावली. लॉकडाऊनमध्ये कोणाच्या रॅन्चवर जायची परवानगी नव्हती. त्यामुळे कपिलने आपल्या वाट्याला आलेल्या एकुलत्या रॅन्चवर, दिघ्यांकडे, अचानक व्हिडिओ कॉल करायचा, आणि मालकाने अर्ध्या तासात आवारात जाऊन फोन फिरवून गुरं दाखवायची. कोणत्या दिवशी कॉल करायचा ते कपिल एकटा ठरवायचा. कानातले बिल्ले फोनवर वाचता येत नाहीत, म्हणून नुसती डोकी मोजायची.

पहिलं रेकॉर्डिंग सुरू झालं. डॉक्टर हॅट घालून उभे. मागे लाल गोदाम, म्हणजे जागा तीच. भुरुभुरु बर्फ पडत होता, कुंपणाच्या प्रत्येक फळीवर वीतभर बर्फ साचलेला. आणि आवार गुरांनी गच्च भरलेलं.

"बघा, आहेत की," कपिल म्हणाला. "माझ्या डोळ्यांनी मोजली मी."

"तू पिकं आणि तणं बघणारा माणूस आहेस, कपिल. गुरं बघता येत नाहीत तुला. पाठी बघ त्यांच्या."

तो बघत राहिला. त्याला काही दिसेना.

"हिवाळाभर बाहेर राहणाऱ्या गाईच्या अंगावर दाट केस येतात," यशोधरा म्हणाली. "आतली ऊब बाहेर येत नाही, म्हणून पाठीवर पडलेला बर्फ वितळत नाही. तशीच पांढरी पाठ घेऊन ती उभी राहते. रात्रभर बर्फ पडलाय, फळ्यांवर साचलाय, आणि या एकीच्या पाठीवर कण नाही. उलट अंग ओलं आहे, वाफा निघताहेत, एकमेकींचं शेण बरगड्यांना लागलंय. ही गुरं तासन् तास ट्रकमध्ये दाटीवाटीने उभी होती. तुझ्या कॉलच्या आधी थोडाच वेळ उतरवली."

दुसऱ्या रेकॉर्डिंगमध्ये पाठी तशाच. तिसऱ्यात बर्फ नव्हता, पण गुरं हंबरत कुंपणाकडेने फेऱ्या मारत होती आणि पाण्याच्या हौदाकडे एक फिरकत नव्हतं. नव्या जागी आणून सोडलेलं जनावर तसंच करतं. घरच्या गाईला पाणी कुठे आहे ते माहीत असतं.

कपिलचा चेहरा उतरला. गुरं भाड्याची होती हे त्याला कळलं, आणि त्यापाठोपाठ जे यायचं तेही कळलं.

"चारशे गुरं ट्रकात भरायची तर आदल्या दिवशी तयारी लागते," यशोधरा म्हणाली. "तीनही वेळा त्यांना तुझा दिवस आधी माहीत होता. दिवस माहीत होता फक्त तुला. कोणाला सांगितलंस?"

"कोणालाच नाही. आईची शपथ."

"आणि तुला घरपोच काय मिळत होतं?"

त्याने चहाचा कप खाली ठेवला. "ताई, नोकरी गेली तर जाऊ द्या," तो खाली बघत म्हणाला. "पण ते विचारू नका."

३

गुरं कोणाची, हे शोधायला फार अक्कल लागली नाही. दिघ्यांपासून दोन तासांच्या अंतरात तेवढी गुरं आणि स्वतःचे ट्रक असलेला रॅन्चर एकच होता, ग्लेन मॅकरे. त्याने त्याच गुरांवर स्वतःही अनुदान घेतलं होतं. म्हणजे एकाच गाईने सरकारचा चारा दोन तोंडांनी खाल्ला.

ग्लेन आपल्या शेडमध्ये ट्रॅक्टरखाली आडवा पडून काही पिळत होता. बाहेर नवी कोरी पिकअप उभी. यशोधराने प्रश्न विचारला तरी तो उठला नाही.

"मी गुरं भाड्याने दिली," तो खालूनच म्हणाला. "डॉक्टरला फोटो काढायचे होते. हौशी माणूस आहे. फोटो काढायला कायद्याची बंदी आहे का?"

"उणे तीसमध्ये? गुरांना ट्रकात घालून? तीनदा?"

"माणसाला फोटोची आवड असते, बाई."

यशोधराने आयुष्यात खोटं बोलणारे पुष्कळ पाहिले होते. घाबरून बोलणारे, लाजून बोलणारे. हा तर ऑइल बदलावं तसा बोलत होता. याच काउंटीत त्या हिवाळ्यात दोन घरांनी आपली खरीखुरी गुरं पडेल भावात काढली, कारण अनुदानाचे पैसे त्यांच्यापर्यंत पोचायच्या आतच संपले. ग्लेन त्या दोन्ही घरांना ओळखत होता, रविवारी त्यांच्याच शेजारी चर्चमध्ये बसत होता.

"फोटोचा दिवस कोण ठरवायचं?" तिने विचारलं. "हवामान बघून?"

"हवामान कसलं. आदल्या संध्याकाळी निरोप यायचा, उद्या म्हणून. एकदाही चुकला नाही." तो बोलून गेला आणि ट्रॅक्टरखाली पाना टाकल्याचा आवाज आला. मग सरकत बाहेर आला आणि हात पुसत उभा राहिला. "निरोप कोणाचा ते विचारू नका. माझा वकील सांगेल. तुमच्या त्या काउंटीवाल्या पोराला विचारा, दिवस त्याचाच होता ना? तुम्ही लोक आपापसात बोलत असालच."

निरोप आदल्या संध्याकाळी यायचा. चार दिवस आधी नाही, सकाळी नाही. गाडीत बसल्यावर यशोधरा बराच वेळ त्यावर विचार करत राहिली. कपिल स्वतः विकला गेला असता तर त्याने दिवस आठवडाभर आधी सांगितला असता, तयारीला वेळ मिळाला असता. इतकं ऐनवेळी का? ज्याला स्वतःलाच आदल्या संध्याकाळपर्यंत कळत नव्हतं, असं कोणीतरी मध्ये होतं.

तेवढ्यात मेसेज आला. पद्मजा दिघे. "आमच्याकडे आली होतीस आणि न जेवता गेलीस म्हणे. उद्या लंचला ये. नाही म्हणू नकोस."

४

पद्मजाकाकू पंचाहत्तरीच्या, नीटनेटक्या, गोड आवाजाच्या. त्यांचं स्वयंपाकघर एवढं मोठं की कपिलची अख्खी बेसमेंट त्यात मावली असती. लॉकडाऊनमध्ये दोघं एडमंटनची कॉन्डो बंद करून इथेच राहायला आली होती.

"आम्हाला गरज होती म्हणून पैसे घेतले असं नाही गं," काकू फुलके लाटत म्हणाल्या. "सगळेच घेत होते. गव्हर्मेंट वाटतच होतं. आपण टॅक्स भरला नाही का इतकी वर्षं?"

"पण गुरं नव्हती, काकू."

"ते सगळं नंदन बघतो. मला बाई त्यातलं काही कळत नाही."

ताटं मांडली. डॉक्टरांसमोर स्टीलचं ताट आलं, वाट्यांसकट, कडेला नाव कोरलेलं. काकूंनी स्वतःलाही तसंच घेतलं. यशोधरापुढे कागदी प्लेट आली.

"डिशवॉशर बिघडलाय," काकू म्हणाल्या. डिशवॉशर त्यांच्या मागेच होता आणि आत पाणी फिरत असल्याचा आवाज येत होता.

यशोधराने प्लेटची कड बोटाने दाबून पाहिली, ती वाकली. राग नाही, रागाला तरी काही इज्जत असते. ही नुसती शिसारी होती. भाताच्या ताटात झुरळ दिसावं तशी. लेकाच्यांनी सरकारला लुटलं, शेजाऱ्यांच्या तोंडचं काढून घेतलं, आणि विटाळ मात्र अजून जपून ठेवला आहे.

"भरली वांगी केलीत," काकू वाढायला पुढे आल्या. "तुला चालतात ना? नाहीतर कपिलसारखं व्हायचं. त्याच्या अंगावर पित्त उठतं वांग्याने."

डॉक्टरांचा घास अर्ध्यावर थांबला. काकूंचा डाव हवेत राहिला.

"तुम्ही त्याला कधी भेटला नाहीत ना, काकू?" यशोधराने शांतपणे विचारलं. "काका म्हणाले परवा."

"मंडळात कोणीतरी म्हणालं असेल," काकू म्हणाल्या.

कपिल मंडळात कधी गेलाच नव्हता, त्याचं सगळं आंबेडकर जयंतीला. यशोधराने हे तोंडाने सांगितलं नाही. ती उठली. काकूंनी घाईघाईने उरलेल्या भाजीचा डबा भरला आणि तिच्या हातात दिला. झाकणाचा पांढरा प्लास्टिकचा डबा. उघड्या पॅन्ट्रीत तसल्या नव्या डब्यांची थप्पी दिसत होती.

"परत द्यायला येऊ नकोस हं," काकू म्हणाल्या. "टाकून दे."

५

यशोधराने तो डबा कपिलच्या टेबलावर, त्याच्या रचलेल्या डब्यांशेजारी ठेवला. कपिल बघत राहिला. मग खुर्चीत बसला.

"सांग," ती म्हणाली.

"कोविड झाला होता मला," तो म्हणाला. "नोकरी पक्की व्हायची होती, म्हणून ऑफिसात सांगितलं नाही. घरूनच काम करत राहिलो. आईलाही नाही सांगितलं, ती मरून गेली असती काळजीने. ताप एवढा की उठता येईना. त्याच सुमारास अनुदानाच्या अर्जाबद्दल काकूंचा फोन आला. माझा आवाज ऐकला त्यांनी. म्हणाल्या, एकटा आहेस का? मी रडलो, ताई. दुसऱ्या दिवसापासून डबा. स्वतः गाडी चालवत यायच्या, बर्फातून. दाराशी ठेवून जायच्या."

"रोज?"

"जवळजवळ. बरा झाल्यावरही. आदल्या संध्याकाळी फोन करायच्या, उद्या आणू का म्हणून. मी तपासणीबद्दल अक्षर बोललो नाही. कधीच नाही. मोठ्या आहेत त्या, त्यांनी विचारलंही नाही."

"विचारायची गरज नव्हती. तू नको कधी म्हणायचास?"

तो डब्याचं झाकण उघडझाप करू लागला.

"आठव, कपिल. व्हिडिओ कॉल तू इथून करायचास?"

"नाही. बेसमेंटमध्ये इंटरनेट धड नाही. त्या दिवशी ऑफिसात जायचो." तो बोलता बोलता हळू झाला. "दिवसभर घरी नसायचो. दाराशी ठेवलेला डबा उणे तीसमध्ये दगड होतो. अन्न वाया जाऊ नये म्हणून... आणि मोठ्या माणसाला नुसतं नको कसं म्हणणार? वाईट वाटेल. कारण सांगावं लागतं ना. म्हणून म्हणायचो, काकू, उद्या नका आणू, उद्या मी घरी नाही, ऑफिसात आहे."

"लॉकडाऊनमध्ये तू ऑफिसात दुसऱ्या कशाला जायचास?"

"कशालाच नाही," कपिल म्हणाला.

झालं. कोणी लाच दिली नव्हती, कोणी कागद चोरला नव्हता. भुकेल्या पोराला आपुलकीने विचारायचं, उद्या जेवायला आणू का, आणि ज्या संध्याकाळी तो नको म्हणेल त्या संध्याकाळी ग्लेनला निरोप द्यायचा, गुरं पाठव. गोऱ्या शेतकी अधिकाऱ्यावर हे चाललं नसतं. तो थँक्यू, नो म्हणून फोन ठेवून मोकळा झाला असता. जेवणाला नको म्हणताना कारण द्यायची सवय आपली. काकूंना ती पक्की ठाऊक होती.

"डबे कधी बंद झाले?" यशोधराने विचारलं.

"मार्चमध्ये. मला वाटलं इंडियाला गेल्या असतील."

"अनुदानही मार्चमध्येच बंद झालं."

तरी कपिल मान हलवत होता. "नाही, ताई. मी त्यांचं नाव घेणार नाही. पहिला डबा आला तेव्हा तपासणी ठरलीसुद्धा नव्हती. तेव्हा तरी त्यांनी मनापासूनच दिला असेल. कोणी नव्हतं मला. मीच चुकलो म्हणेन शुक्रवारी. जाऊ द्या नोकरी."

यशोधराला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. या असल्या उपकाराच्या ओझ्याखाली पिढ्या गेल्या, आणि हा शिकलासवरलेला अजून मान खाली घालून उभा.

"ऐक," ती म्हणाली. "तुझ्याविरुद्ध निनावी फोन आला, माहीत आहे ना? काय म्हणाला फोन करणारा? आजारी पडला तेव्हापासून रॅन्चवाल्यांचं खातो. तू आजारी होतास हे कोणाला माहीत होतं?"

"कोणालाच नाही. सांगितलं ना, ऑफिसातही नाही, आईलाही..." तो तिथेच थांबला.

त्याने काकूंचा नवा डबा दूर सरकवला. मग उठला, फळीवरचे सगळे डबे काढले, काळ्या पिशवीत भरले आणि पिशवीची गाठ मारली. पहिली सुटली, म्हणून ती दोनदा मारावी लागली.

"शुक्रवारी किती वाजता निघायचं, ताई?" त्याने विचारलं.

६

सुनावणी काउंटीच्या हॉलमध्ये झाली. यशोधराने पाठींवरचा बर्फ समजावून सांगितला, मातीचे नमुने दाखवले, जंगली गुलाबाचं कापलेलं खोड टेबलावर ठेवलं. काउंटीतले गुरंवाले सभासद पहिल्या व्हिडिओतच खाली बघायला लागले. त्यांना पाठी वाचता येत होत्या, चार वर्षांत कोणी पाहायची तसदी घेतली नव्हती एवढंच. मग कपिल उभा राहिला आणि त्याने सगळं सांगितलं. ताप, डबे, संध्याकाळचे फोन. काकूंचं नाव घेतलं. आपली चूक होती तिथे आपली म्हणाला, एक शब्द गिळला नाही.

"या माणसाच्या प्रामाणिकपणाबद्दल तुमचं मत काय?" काउंटीच्या प्रमुखाने यशोधराला विचारलं.

"त्याने जाणूनबुजून कोणाला काही सांगितलं नाही," ती म्हणाली. "खोटं तर तो बोललाच नाही. माझी त्याबद्दल खात्री आहे."

सस्पेन्शन उठलं. लेखी समज मिळाली, नोकरी राहिली. आणि बाकीच्यांचं? दिघ्यांच्या वकिलाने गैरसमज झाला म्हणून सांगितलं, रक्कम हप्त्यांनी परत करण्याची तयारी दाखवली आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. ग्लेनने फक्त गुरं भाड्याने दिली होती. पोलिसांचा विषयही निघाला नाही. ज्यांची गुरं पडेल भावात गेली त्यांच्यापैकी एक म्हातारा मागच्या रांगेत बसला होता, तो टोपी घालून निघून गेला. यशोधराला हॉलच्या हवेत श्वास घ्यायचीसुद्धा घाण वाटत होती.

बाहेर व्हरांड्यात पद्मजाकाकू उभ्या होत्या. डॉक्टर वकिलाशी बोलत होते.

"असे पांग फेडलेस, कपिल?" काकू म्हणाल्या. आवाज तसाच गोड. "तेव्हा मी नसते तर आज हे बोलायला जिवंत असतास का?"

कपिल त्यांच्यासमोर थांबला. यशोधराने त्याचा दंड धरला, चल म्हणाली, पण तो हलला नाही.

"नसतो, काकू," तो म्हणाला. "म्हणूनच सांगतो. तुम्ही एवढं सगळं कशाला केलंत? ट्रक, भाडं, ती गुरं थंडीत. तुम्ही मला नुसतं म्हटलं असतं ना, की कपिल, एवढं कर माझ्यासाठी, तर मी रिकाम्या आवारात चारशे गुरं आहेत असं लिहून दिलं असतं. आईसाठी लिहिलं असतं तसं. तुम्ही एकदा विचारायचं होतं."

यशोधराचा हात त्याच्या दंडावरून खाली आला. थोड्या वेळापूर्वीच ती आत त्याच्या प्रामाणिकपणाबद्दल शपथेवर बोलून आली होती.

काकू खरोखरच चकित झाल्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर ना राग होता ना लाज. भाजीवालीने नुसतं मागितलं असतं तर फुकट दिलं असतं हे घरी आल्यावर कळावं, तशा त्या त्याच्याकडे बघत होत्या.

"अरे, पण तुमच्या लोकांवर एवढा भरवसा कसा टाकायचा?" त्या म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच विचारायचं होतं.

डॉक्टरांनी हाक मारली तशा त्या गेल्या. कपिल भिंतीकडेच्या बाकावर बसला आणि रडायला लागला. इतक्या आठवड्यांत नोकरी जाणार म्हणून तो रडला नव्हता, सस्पेंड झाला तेव्हा रडला नव्हता. आता चांगला मोठ्याने, लहान मुलासारखा रडत होता, आणि हॉलमधून बाहेर पडणारी माणसं त्याच्याकडे बघत बघत पार्किंगकडे जात होती.

  तो माणसं जाईपर्यंत बसला, आणि यशोधरा तोवर त्याच्याकडे पाठ करून समोर उभी राहिली, म्हणजे निदान कोणाला त्याचा चेहरा दिसू नये.